कोपऱ्यातला आकडा

"बाई, तुमची गाठ उजळली नाही," डॉक्टर म्हणाले, आणि पोटावरची जेली पुसायला त्यांनी कागदी रुमालांचा गठ्ठा पुढे केला.

बाईंनी गठ्ठ्याला हातसुद्धा लावला नाही. टेबलावर तशाच उताण्या पडून राहिल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे ही ट्रीटमेंट तुम्हाला देता येणार नाही. मला खरंच वाईट वाटतंय. पुढच्या आठवड्यात ओपीडीत या, दुसरं काय करता येईल ते बोलू."

दुसरं काय करता येईल! अहो, दुसरं आणि तिसरं सगळं करून झालं होतं. गाठ यकृताच्या पार आत, ऑपरेशनचा हात पोचणार नाही अशा जागी. दोन प्रकारची औषधं झाली. केस गेले, तोंडाची चव गेली, गाठ मात्र आपली मांड ठोकून जागच्या जागी. आता ही एकच वाट उरली होती, आणि तीही जेली पुसता पुसता एका वाक्यात बंद. बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

बाई कोण हे आधी सांगायला हवं, नाहीतर त्यांनी पुढे जे केलं तो नुसता आडमुठेपणा वाटेल. याच हॉस्पिटलात, याच सोनोग्राफीच्या खोलीत त्यांनी चौतीस वर्षं पोटं तपासली होती. हातात प्रोब, समोर स्क्रीन आणि तोंडात "श्वास घ्या, धरा, सोडा." समोर सगळे त्यांना बाई म्हणत आणि पाठीमागे कडकबाई, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. आज मशीन चालवत होती ती त्यांचीच विद्यार्थिनी. पहिल्या दिवशी इतक्या बारीक आवाजात बोलली की बाईंनी तिचं नाव चिमणी ठेवलं. आता तिशी ओलांडली, दोन लेकरांची आई झाली, तरी नाव चिमणीच.

आणि ती ट्रीटमेंट? महिन्याभरापूर्वी डॉक्टरांनी समजावली होती. "जखमेवर पेरॉक्साइड टाकलं की फेस येतो ना, बाई?"

"फेस मला शिकवू नका. पुढचं बोला."

पुढचं असं. तो फेस काढतं आपल्याच रक्तामांसातलं एक एन्झाइम. पेरॉक्साइड फोडून ते ऑक्सिजन मोकळा करतं. कॅन्सरच्या गाठीत पेरॉक्साइड आपसूकच जास्त साठलेलं असतं. तिथवर हे एन्झाइम पोचवलं, तर गाठीच्या पोटातच ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे सुटतील. पण नुसतं एन्झाइम सुईतून सोडलं तर शरीर वाटेतच त्याचा फडशा पाडतं. म्हणून ते कणांमध्ये बंद करून पाठवायचं, आणि कण इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारभर शेजारी शेजारी बसावेत. याचे फायदे दोन. सोनोग्राफीत बुडबुडे चमकतात, त्यामुळे गाठ कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते लख्ख दिसतं. आणि जी गाठ ऑक्सिजनवाचून दबा धरून बसते आणि रेडिएशनला दाद देत नाही, तिला ऑक्सिजन मिळाला की रेडिएशनचा तडाखा नीट बसतो. सगळं अजून चाचणीवर होतं. इंजेक्शन एकदाच द्यायचं. गाठ उजळली तर तुम्ही आत, नाही उजळली तर बाहेर.

बाई चाचणीतून बाहेर पडल्या होत्या. बाद केल्याचा कागद तर तयारच होता. फक्त खाली सही करायची.

दारातून बाईंचे यजमान आत आले. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, आवाज चढवायची सवयच नाही. डॉक्टरांचा चेहरा बघून काय झालं ते त्यांना कळलं. "चल गं," ते हळूच म्हणाले, "नसेल नशिबात."

"नशीब गेलं चुलीत! अहो, तुम्ही त्या खुर्चीवर बसा." मग मान वळवून, "चिमणे, चित्रं लाव स्क्रीनवर."

"बाई, चित्रं मी पाहिली आहेत," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही पाहिलीत. मी नाही पाहिली. पोट माझं आहे."

चिमणीने डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी घड्याळाकडे. बाहेर दोन पेशंट थांबलेले होते. पण बाईंशी वाद घालण्यापेक्षा चित्रं दाखवणं लवकर होईल हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी मान हलवली.

खरं सांगायचं तर बाईंना मघाशीच काहीतरी खटकलं होतं. चिमणी तपासत होती तेव्हा त्या मान तिरकी करून स्क्रीन बघत होत्या. गाठीच्या कडेला चार पांढरे ठिपके चमकले, आणि बघता बघता विझले. त्याच वेळी बोलायला हवं होतं. पण तपासणी चालू असताना पेशंटने मध्ये तोंड घालायचं नाही, हा नियम चौतीस वर्षं त्यांनीच लोकांना ऐकवला होता. म्हणून मूग गिळून पडून राहिल्या. आता त्याचाच त्यांना भयंकर राग येत होता.

पहिलं चित्र आलं. काळी गाठ, कडेला मोजके ठिपके. दुसऱ्या चित्रात ठिपके गायब. तिसरं तर धुऊन काढल्यासारखं.

बाई गाठीकडे बघतच नव्हत्या. त्या बघत होत्या चित्राच्या वरच्या कोपऱ्यात. तिथे तारीख असते, वेळ असते, आणि त्यांच्या खाली एक बारका आकडा असतो. मशीन आतमध्ये आवाजाचा केवढा तडाखा देतंय, त्याचा तो आकडा. रोजच्या तपासणीत तो एकाच्या आसपास असतो, आणि असला काय नि नसला काय, त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

"पहिल्या चित्रात शून्य पूर्णांक एक," बाईंनी वाचलं. "दुसऱ्यात शून्य पूर्णांक सहा. तिसऱ्यात एक पूर्णांक एक. चिमणे, पॉवर कोणी चढवली?"

चिमणीच्या तोंडचं पाणी पळालं.

"मी, बाई. अंधुक दिसत होतं. तुमची तपासणी, म्हटलं नीट दिसलंच पाहिजे. म्हणून..." ती थांबली. मग जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "तुम्हीच शिकवलंय ना. अंधुक दिसलं तर घाबरायचं नाही, पॉवर चढवायची."

झालं! आता बोला.

शिकवलं होतं, अगदी याच शब्दांत. जाड पोटात खोलवर बघायचं तर आवाज जोरात पाठवावा लागतो, आणि नव्या मुली बटणाला हात लावायला बिचकतात. बाईंनी त्यांची बोटं धरून बटण फिरवलं होतं. चिमणीच्या बोटावर तर एकदा पट्टीसुद्धा मारली होती. ती पट्टी चिमणीने इमानाने लक्षात ठेवली, आणि आज बाईंच्याच पोटावर तीच शिकवण चालवली. ओरडावं तर कोणावर?

"चाचणीच्या सूचनांत तर पॉवर कमी ठेवायची असं स्पष्ट लिहिलंय," डॉक्टर चिमणीकडे वळून म्हणाले.

"तिच्यावर डाफरू नका. लिहिलंय ना? का ठेवायची ते लिहिलंय का?"

"कारण लिहायची पद्धत नसते."

"मग बसा पद्धत घेऊन! डॉक्टर, बुडबुडा कशाने फुटतो? टपली मारली की फुटतो. तुमचे ते इवलेसे कण इतका खटाटोप करून आत पोचले, बिचाऱ्यांनी बुडबुडे सोडले, आणि आम्ही वरून धपाधप टपल्या मारून सगळे फोडून टाकले. वर म्हणतो, गाठ उजळली नाही!"

डॉक्टरांनी चष्मा काढला. ते रेडिएशनचे डॉक्टर, सोनोग्राफीचा प्रांत त्यांचा नव्हे. पण माणूस बुद्धीचा पक्का. त्यांनी तिन्ही चित्रं पुन्हा एकामागून एक पाहिली, या वेळी कोपऱ्यातून. त्यांचा चेहरा उतरला.

"असेल," ते म्हणाले. "तुम्ही म्हणताय तसं असेलही. पण एका पेशंटला एकच इंजेक्शन. दुसरं देता येत नाही."

"मागतंय कोण? आत आहे ते पुरे आहे. एन्झाइम काय, एकदा बुडबुडा सोडला की माझ्यासारखं रिटायर होतं?"

हे ऐकून यजमानांना हसू फुटलं, आणि आपण इथे का हसतोय म्हणून ते गोरेमोरे झाले.

"पान अकरा," बाई पुढे म्हणाल्या. चाचणीत यायचा सव्वीस पानांचा तो करार सही करण्याआधी इतर कोणी वाचला असेल की नाही देव जाणे, बाईंनी तीनदा वाचला होता. "इंजेक्शननंतर चाळीस ते नव्वद मिनिटांत तपासणी. मला सुई टोचली दहा वीसला. आता अकरा एकतीस. अजून एकोणीस मिनिटं आहेत."

"मला चाचणीच्या समितीला फोन करावा लागेल."

"करा की. मी काय पळून जातेय? मी इथेच झोपलेय. उठवायचं तर चार माणसं बोलवावी लागतील."

डॉक्टरांनी फोन उचलला. पलीकडे घंटा वाजत राहिली. अकरा तेहतीस. अकरा चौतीस. बाई भ्यायल्या होत्या, पण त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. फोन उचललाच गेला नाही. डॉक्टरांनी तो खाली ठेवला, घड्याळ पाहिलं, आणि म्हणाले, "पान अकरावर नव्वद मिनिटं आहेत, तर आहेत. घे गं."

चिमणीने प्रोब उचलला, पण तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं.

"रडायचं ते मागाहून. आता जेली टाक," बाई म्हणाल्या. "पॉवर?"

"शून्य पूर्णांक एक."

"त्यावर ठेव आणि बटणाला हात लावशील तर बघ. दिसत नसेल तर गेन वाढव. गेन वाढवून आत जोर जात नाही, परत आलेलं तेवढं मोठं दिसतं. धरू श्वास? धरते."

स्क्रीन काळी. काळ्यावर थोडा राखाडी पसारा, त्यात आणखी एक काळा गोळा. एक मिनिट गेलं. काही नाही. बाईंनी श्वास सोडला, पुन्हा धरला. दोन मिनिटं. डॉक्टरांनी वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकलं, आणि बाईंना ते ऐकू आलं. चिमणीचं बोट नकळत बटणाकडे सरकलं.

"हात मागे!"

बोट मागे गेलं. बाईंना वाटलं, चुकलं आपलं. इतकी वर्षं लोकांना स्क्रीनवरून बातम्या दिल्या, आता आपली बातमी आपल्याच हट्टाने दोनदा ऐकायची वेळ आली. यजमान खुर्चीतून उठून त्यांच्या उशाशी आले होते.

तेवढ्यात कडेला एक ठिपका चमकला. मग शेजारी दुसरा. मग काठाकाठाने पाचदहा, आणि मग कोणीतरी आतून दिवे लावत निघाल्यासारखी सगळी गाठ पांढरी होत गेली. एका बाजूला तिची एक सोंड निघाली होती, जुन्या कुठल्याच चित्रात न दिसलेली. तीसुद्धा उजळली.

"सापडलास मेल्या!" बाई स्क्रीनकडे बोट करून ओरडल्या, आणि त्यांना रडू कोसळलं. "सहा महिने लपून बसला होतास. आता लप!"

चिमणीने चित्रं धरली. कोपऱ्यात वेळ अकरा एक्केचाळीस, आकडा शून्य पूर्णांक एक. डॉक्टरांनी जुना कागद फाडला, नवा काढला आणि स्वतः टेबलापर्यंत आणून दिला. "सोमवारी पहिलं रेडिएशन. ही सोंड दिसली नसती तर आपण ती बाहेरच ठेवली असती. करा सही."

यजमानांनी खिशातून पेन काढून पुढे केलं. बाई उठून बसल्या, पोट पुसलं, पेन हातात घेतलं. आणि थांबल्या.

"चिमणे, माझ्याआधी किती जणं तपासलीस?"

चिमणीने मान खाली घातली. "अकरा."

"उजळले किती?"

"सहा."

"राहिलेल्या पाचांची चित्रं काढ."

या वेळी चिमणीने डॉक्टरांकडे पाहिलं नाही. पाच जणांची चित्रं तिने एकेक करून लावली. दोघांच्या कोपऱ्यात शून्य पूर्णांक एक होतं, शेवटपर्यंत. त्यांची गाठ खरंच उजळली नव्हती. बाईंनी नीट पाहिलं, दोनदा पाहिलं. उरलेल्या तिघांच्या पहिल्या चित्रात थोडे ठिपके होते, आणि पुढच्या चित्रांत आकडा चढत गेला होता. शून्य पूर्णांक नऊ. एक. एक पूर्णांक दोन.

"ही तीन माणसं कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

"घरी," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि बाईंच्या समोर स्टूल ओढून बसले. "बाई, आता माझं ऐका. मी हे दाबून टाकणार नाही, शब्द देतो. पण आज मी ही चूक लिहून कळवली, तर समिती त्याच मिनिटाला सगळं थांबवेल. चौकशी होईल, तीन आठवडे, कदाचित पाच. तोवर कोणालाच रेडिएशन नाही. तुम्हालाही नाही. आणि तुमची गाठ पाच आठवडे थांबेल याची मी खात्री देऊ शकत नाही. ती सोंड तुम्ही आत्ता स्वतः पाहिलीत. सोमवारी तुमचं होऊ दे. मंगळवारी सकाळी मी स्वतः लिहितो."

माणूस वाईट नव्हता. त्याला बाई जगायला हव्या होत्या, एवढंच. आणि म्हणूनच त्याला नाही म्हणणं अवघड होतं.

"होऊ दे ना सोमवार," यजमान म्हणाले. "एका दिवसाने काय होतंय? तू आधी बरी हो, मग भांड हवं तेवढं."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षांत या माणसाने काही मागितलं नव्हतं, आज मागत होता. बाईंना जगायचं होतं, अहो, भयंकर जगायचं होतं! सही करायची, घरी जायचं, सोमवारी यायचं. कोणी बोट दाखवलं नसतं.

"एका दिवसाने काहीच होत नाही," त्या म्हणाल्या, "पण मंगळवारी तुम्ही म्हणाल, पहिलं झालंय तर दुसरंही होऊ द्या. आणि मीही हो म्हणेन. मला माहितीये मी हो म्हणेन, कारण मी घाबरलेय. म्हणून आजच लिहा. आत्ता, मी बघत असताना. शेंडी तुटो की पारंबी तुटो."

"बाई, ही जिवाशी गाठ आहे."

"त्या तिघांची नाही का? त्यांना काय सांगून घरी पाठवलंत? तुमची गाठ उजळली नाही म्हणून. ते आता भिंतीकडे तोंड करून पडले असतील. त्यांना कोपऱ्यातलं वाचता येत नाही. मला येतं, हा काय त्यांचा गुन्हा?"

डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून चूक कळवायचा फॉर्म काढला आणि लिहायला लागले. त्या तिघांना दुसरं इंजेक्शन द्यायची परवानगीही त्यांनी त्यातच मागितली. लिहून झालं तेव्हा चिमणीने सही केली. बाईंनी फॉर्म ओढून घेतला आणि चिमणीच्या सहीखाली आपली सही ठोकली.

"तुमची सही इथे लागत नाही," डॉक्टर म्हणाले.

"पॉवर चढवायला हिला मी शिकवलंय. लागते." आणि सहीपुढे त्यांनी 'शिकवणारी' असं लिहिलंही.

यजमान खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. बाई त्यांच्याजवळ गेल्या आणि नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने यजमानांनीच त्यांच्या ब्लाउजच्या बाहीला लागलेली जेली रुमालाने पुसली.

मागे चिमणी फोन लावत होती. पहिला नंबर लागला नाही. दुसरा लागला. "हॅलो, हॉस्पिटलमधून बोलतेय. तुमची तपासणी... आमच्याकडून..." एवढं बोलून तिला पुढचा शब्दच फुटेना. बाईंनी तिच्या हातातून रिसीव्हर घेतला.

"ऐका. तुमची तपासणी आम्ही चुकीची केली होती. तुम्हाला बाद केलं ते चूक होतं. समितीने परवानगी दिली की पुन्हा होईल. कधी ते अजून ठरलेलं नाही, काही आठवडे जातील. पण तुम्ही तयार राहायचं. जेवायचं, झोपायचं, अंगात ताकद ठेवायची."

पलीकडे एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता, खोल गेलेला. "आता राहू द्या हो," तो म्हणाला. "मी मनाची तयारी केली आहे. तुम्ही कोण, डॉक्टर का?"

"डॉक्टर नाही. पेशंट आहे, तुमच्यासारखीच. तुमच्या मागचा नंबर माझा आहे, आणि तुमचं झाल्याशिवाय माझं होणार नाही. तेव्हा तुमची ती तयारी राहू द्या बाजूला. उठून बसा आधी."

पलीकडे पलंग करकरला.

"बसलो," तो म्हणाला.